आधी सैनिक, मग युद्ध

एरवी आधी खेळ ठरतो आणि मग त्याच्या सोंगट्या घडतात. इंग्लंडमधल्या न्यूअर्क-ऑन-ट्रेंट या गावात हे उलट्या क्रमानं झालं. तिथल्या ‘सिटाडेल मिनिएचर्स’ या कारखान्यात इंचभर उंचीचे शिशाचे पुतळे ओतले जात: दाढीवाले बुटके, एल्फ, ऑर्क, गॉब्लिन, ट्रोल, तलवार उगारलेले हाडांचे सापळे, पंख फुटलेले ड्रॅगन. पुतळे देखणे होते, खपतही होते. पण गिऱ्हाईक एका वेळी चार-पाच घ्यायचं आणि तेवढ्यावर त्याचं भागायचं. तेव्हा चलती होती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची, आणि त्या खेळात एका खेळाडूला एक नायक पुरतो. कारखान्याचे सूत्रधार ब्रायन अँसेल यांना पुतळे शेकड्यानं विकायचे होते. लोकांनी फौजा विकत घ्याव्यात असं वाटत असेल तर त्यांना आधी युद्ध द्यायला हवं, हे त्यांनी ओळखलं. १९८३ मध्ये ते युद्ध खोक्यात भरून बाजारात आलं. त्याचं नाव ‘वॉरहॅमर’.

त्यानंतर चाळीस वर्षांत त्या खेळाच्या नियमांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि मागे पडल्या. विक्रीसाठी निमित्त म्हणून लिहिलेले नियम बदलत गेले. ज्यांच्यासाठी ते लिहिले, ते शिशाचे पुतळे मात्र आजही लोक शोधतात, जुना रंग उतरवून पुन्हा रंगवतात आणि टेबलावर मांडून लढवतात.

टेबलावरच्या लढाईची हौस अर्थातच अँसेल यांच्याहून कितीतरी जुनी. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून ‘क्रीगश्पील’ खेळला जाई. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून तो तयार केला होता. त्यात नकाशा होता, फासे होते, पंच होता; पण सैनिकांच्या जागी साधे ठोकळे सरकवले जात, कारण ते शिक्षण होतं. त्याची मौज केली एच. जी. वेल्स यांनी. त्यांचं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघालं. खेळ सुचला कसा, हेही त्यांनी त्यात सांगितलं आहे: जेवणानंतर घरी आलेला एक पाहुणा खेळण्यातली स्प्रिंगची तोफ घेऊन टेबलावरच्या सैनिकांवर नेम धरायला लागला आणि इतरांनाही चेव चढला. पाहुण्याचं नाव वेल्स देत नाहीत, फक्त जे. के. जे. अशी आद्याक्षरं देतात. ते ‘थ्री मेन इन अ बोट’वाले जेरोम के. जेरोम असावेत, असं मानलं जातं. तसं असेल तर एका विनोदी लेखकाच्या टवाळीतून हा छंद निघाला म्हणायचा, आणि पुढे त्यात जी थट्टामस्करी आली तिचं मूळ बरंच मागे सापडतं.

वेल्स यांना हे परवडलं, कारण विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीनं १८९३ मध्ये पोकळ ओतीव सैनिक काढायला सुरुवात केली होती. आतून पोकळ म्हणजे शिसं कमी, म्हणजे किंमत कमी. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जॅक स्क्रूबी खास युद्धखेळासाठी सैनिक ओतू लागले. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या ‘वॉर गेम्स’नं प्रौढ खेळाडूंची एक पिढी घडवली. हे सगळे वॉटर्लू, रोमन लीजन, अमेरिकन यादवी असले इतिहासातले रणसंग्राम लढवत. सैनिकांच्या गणवेशाच्या बटणांचा रंग चुकला तर भांडणं होत. ऑर्कच्या अंगरख्याला किती बटणं असावीत, यावर मात्र कुणालाच भांडता येत नाही. पुढच्या गोष्टीत हा मुद्दा बराच उपयोगी पडला.

टेबलावर राक्षस आणले अमेरिकेनं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातले गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत १९७१ साली ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं आणि त्याला जादूगार-ड्रॅगनांची एक पुरवणी जोडली. पण राक्षसांचे पुतळे आणायचे कुठून? गायगॅक्स यांनी स्वस्त खेळण्यांच्या दुकानातून हाँगकाँगी प्लॅस्टिकचे चित्रविचित्र प्राणी उचलले. त्यांना ‘डायनोसॉर’ म्हणून विकत असले तरी कुठल्याही डायनोसॉरशी त्यांचं नातं नव्हतं. त्यातूनच लोखंड गंजवणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि घुबड-अस्वलाची जोड असलेला ‘आउलबेअर’ जन्माला आले. म्हणजे पुतळा आधी आणि त्याची कथा नंतर, हा रिवाज न्यूअर्कच्याही आधीचा. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. जगभरच्या पुराणांतून मिळेल ते त्यात येत गेलं. आपला राक्षसही आला: १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो वाघाच्या तोंडाचा, उंची झगा घातलेला आणि चिलीम ओढणारा गृहस्थ म्हणून अवतरला. रावणानं ते चित्र पाहिलं असतं तर त्याला आपली एकही खूण सापडली नसती.

आता लंडन. १९७५ साली शेफर्ड्स बुशमधल्या एका भाड्याच्या घरात इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ सुरू केली. नावातलं ‘वर्कशॉप’ अगदी शब्दशः होतं. पीक लाकडी पट घडवत, बॅकगॅमनचे आणि तत्सम खेळांचे. सोबत ‘आउल अँड वीझल’ नावाचं वार्तापत्र निघे. त्याचा एक अंक अमेरिकेत गायगॅक्स यांच्या मंडळींच्या हाती पडला आणि तिकडून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची प्रत आली. लिव्हिंगस्टन आणि जॅक्सन यांनी सहा प्रती मागवल्या. सहा! त्या बळावर त्यांना तीन वर्षांसाठी अख्ख्या युरोपच्या विक्रीचे हक्क मिळाले. पीक यांना हा प्रकार रुचला नाही, ते बाहेर पडले. घराला दुकान समजून दारात येणाऱ्या उत्साही लोकांनी घरमालक वैतागला आणि उरलेल्या दोघांना जागा सोडावी लागली. एका इस्टेट एजंटच्या कचेरीमागे त्यांनी खोली भाड्यानं घेतली, पण राहायला वेगळं घर परवडेना. तेव्हा त्यांनी १९७६ मध्ये तीनेक महिने बाहेर उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये काढले. आंघोळीची सोय म्हणून ते स्क्वॉशच्या क्लबाचे सभासद झाले. १९७७ मध्ये त्यांचं ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिक निघालं, १९७८ मध्ये हॅमरस्मिथला पहिलं दुकान उघडलं.

खेळ होता, दुकान होतं, मासिक होतं. पुतळे नव्हते. तिथे ब्रायन अँसेल आले. नॉटिंगहॅममध्ये ‘अ‍ॅसगार्ड’ नावाची पुतळ्यांची कंपनी चालवण्यात त्यांचा हात होता आणि धातू ओतण्याच्या धंद्याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. गेम्स वर्कशॉपच्या भांडवलावर १९७९ च्या सुरुवातीला न्यूअर्कमध्ये सिटाडेल उभी राहिली.

या कारखान्यातलं काम समजून घेतल्याशिवाय त्या पुतळ्यांचं रूप समजत नाही. मूर्तिकार तारेचा सांगाडा करतो आणि त्यावर दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी चढवतो. पिवळी आणि निळी मिसळली की ती हिरवी होते, म्हणून या धंद्यात मूळ पुतळ्याला नुसतं ‘ग्रीन’ म्हणतात. हातात दंतवैद्याची हत्यारं, सुया, घासून गुळगुळीत केलेल्या पात्या. पुट्टी घट्ट होण्याआधीचे काही तास मूर्तिकाराचे. तेवढ्यात नाकाचा बाक, दाढीची बट, चिलखताच्या कड्या उमटवायच्या. मग कच्च्या रबराच्या दोन चकत्यांमध्ये हे मूळ पुतळे ठेवून प्रेसमध्ये उष्णता आणि दाब देऊन रबर पक्कं करतात. त्या साच्यातून निघालेल्या धातूच्या प्रतींवरून पुढे उत्पादनाचे साचे होतात. साचा यंत्रावर गरगर फिरत असताना मधल्या भोकातून वितळलेलं शिसं-कथलाचं मिश्रण ओतायचं. फिरण्याच्या जोरानं ते बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि बोटं, शिंगं, भाल्याची टोकं अशा कोपऱ्यांत शिरतं. साचा दोनच पाळ्यांचा असल्यामुळे पुतळा त्यातून अडकल्याशिवाय सुटला पाहिजे. म्हणून त्या काळच्या पुतळ्यांची ठेवण पसरट दिसते: हात दोन्ही बाजूंना, ढाल समोर, पाय फाकलेले. फोटोसाठी उभं केल्यासारखे ते उभे असतात. या मर्यादेतही चांगला मूर्तिकार जीव ओतायचा, आणि सिटाडेलला चांगले मूर्तिकार लाभले.

जुळे भाऊ अ‍ॅलन आणि मायकेल पेरी अगदी तरुण वयात तिथे आले. त्यांची नजर इतिहासकाराची होती, त्यामुळे त्यांच्या कल्पित सैनिकांच्याही कमरेचे पट्टे आणि टोपांचे खिळे खरे वाटत. जेस गुडविन यांनी उभे राहून चालणारे उंदीर, ‘स्केव्हन’, घडवले. अंगावर चिंध्या, पाठीला बाक आणि चेहऱ्यावर कपट. निक बिबी ड्रॅगन करत, ट्रिश मॉरिसन अवाढव्य प्राणी. आणि केव्ह अ‍ॅडम्स करत गॉब्लिन. त्यांचे गॉब्लिन म्हणजे गल्लीतल्या टवाळखोर पोरांची पलटण: एकाचे दात बाहेर, एकाचं नाक लोंबतं, एक नुसताच खदखदतोय. एकाच तुकडीत दोन चेहरे सारखे सापडणार नाहीत, कारण त्यांना सारखे करण्याचा कंटाळा यायचा की काय, कोण जाणे. कारखान्याचा आराखडा, विक्रीचं वेळापत्रक, कुठल्या पुतळ्याला कुठला नियम, असला काच तेव्हा फारसा नव्हता. मूर्तिकाराला सुचलं, आवडलं, केलं; साचा झाला; जाहिरातीत आलं. त्या वेळच्या जाहिरातींच्या पानांवर एका पुतळ्याला बावळट नाव, दुसऱ्याला भारदस्त, तिसऱ्याला शिवीच्या जवळपास जाणारं. नियमांचं पुस्तक धापा टाकत त्यांच्या मागे यायचं.

ते पुस्तक लिहिलं रिक प्रीस्टली आणि रिचर्ड हॅलिवेल यांनी, अँसेल यांच्यासह. हे दोघे मित्र लिंकनचे. त्यांनी १९७८ मध्येच ‘रीपर’ नावाचे कल्पित युद्धाचे नियम लिहून छापले होते. प्रीस्टली सिटाडेलमध्ये टपालानं येणाऱ्या मागण्या सांभाळत, त्यामुळे गिऱ्हाईक काय मागतं आणि किती मागतं, हे त्यांना रोज दिसत होतं. नियमांची पुस्तिका टपालाच्या गिऱ्हाइकांना फुकट वाटावी, असा पहिला विचार होता म्हणतात. प्रत्यक्षात पातळ पुस्तिकांचा संच झाला आणि जॉन ब्लांश यांच्या चित्राच्या खोक्यातून तो विकला गेला. खोक्यात पुतळा एकही नव्हता. ते वेगळे घ्यायचे होते, सगळी मेख तिथेच होती.

खेळ असा. सैन्यं समोरासमोर मांडायची, टेपनं इंच मोजून तुकड्या पुढे सरकवायच्या, मग साध्या सहापैलू फाशांनी ठरवायचं: वार लागला का, लागला तर जखम झाली का, झाली तर चिलखतानं वाचवलं का. तीन फाशांच्या फेरीत जीव जातो किंवा वाचतो. पण त्यावर जो मसाला होता त्यानं लोक खुळावले. ट्रोल मठ्ठ असल्यामुळे ऐन लढाईत आपण कुठे निघालोय हेच विसरतात. ऑर्क आणि गॉब्लिन शत्रूवर चाल करायच्या ऐवजी आपसात जुंपतात. अळंबी खाऊन तर्र झालेला गॉब्लिन साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरगर फिरवत सुटतो. तो कुठल्या दिशेला जाईल ते फासा ठरवतो, आणि बऱ्याचदा तो आपल्याच लोकांत घुसतो. सेनापतीनं कितीही डाव रचला तरी सैन्याला स्वतःचा स्वभाव होता. जिंकण्यासाठी खेळणाऱ्याला याचा संताप येई. गोष्टीसाठी खेळणाऱ्याला याच क्षणांची वाट पाहावीशी वाटे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन खेळाडूंखेरीज तिसरा एक सूत्रधार लागायचा. तो प्रसंग रचणार, गुपितं राखणार, वाद मिटवणार. कथेकऱ्याचं आणि पंचाचं काम एकाच माणसाकडे होतं.

प्रसंगही कसले! १९८५ मध्ये ‘ब्लडबाथ अ‍ॅट ऑर्क्स ड्रिफ्ट’ आलं. झुलूंविरुद्धच्या रॉर्क्स ड्रिफ्टच्या लढाईचं नाव ऐकलेल्या प्रत्येक इंग्रजाला ती कोटी लगेच कळली. १९८६ मध्ये हॅलिवेल यांनी ‘मॅकडेथ’ लिहिलं. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची ही बेछूट खिल्ली, पण तिच्या पोटात ताजं राजकारण होतं. १९८४-८५ मध्ये ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांचा संप वर्षभर चालला होता. एका बाजूला संघटनेचे नेते आर्थर स्कारगिल, दुसऱ्या बाजूला सरकारी कोळसा मंडळाचे इयन मॅकग्रेगर. ‘मॅकडेथ’मध्ये खाणीत काम करणाऱ्या बुटक्यांचा पुढारी आहे आर्का झारगुल आणि त्याच्यासमोर उभा आहे ईन मॅकरेकर. नॉटिंगहॅमशायर हा त्या संपात दुभंगलेला कोळशाचाच मुलूख. संप मोडून काम सुरू ठेवणारे आणि संपावर ठाम राहिलेले, दोघंही तिथे शेजारी राहत होते. त्या मुलखात बसून वर्षभरात या संपावर शिशाच्या बुटक्यांचं प्रहसन रचायचं, याला धाडस म्हणावं की निगरगट्टपणा, हे वाचकानं ठरवावं. लहान मुलांचा खेळ म्हणून त्याकडे पाहणाऱ्यांना मात्र ते खचितच दिसलं नसणार.

याच सुमारास एक छोटी युक्ती आली. तोवर पुतळ्याच्या पायाखाली धातूचाच ओबडधोबड तुकडा असे आणि पुतळे एकमेकांत अडकून कलंडत. आता पायाखाली धातूची पट्टी ओतून ती प्लॅस्टिकच्या चौकोनी बैठकीतल्या खाचेत बसवायची. ‘स्लॉटाबेस’ म्हणत त्याला. चौकोनाला चौकोन लावला की रांगा सरळ, तुकडी एका झटक्यात शिस्तीत. युक्ती साधी होती, पण त्यामुळे चाळीस गॉब्लिन एकत्र उभे राहू शकले आणि चाळीस उभे राहू शकतात म्हटल्यावर चाळीस विकत घ्यावेसे वाटले.

धंदा वाढला तसा तोल सरकला. लंडनची कंपनी भांडवल पुरवणारी आणि न्यूअर्कचा कारखाना माल पुरवणारा, असं सुरुवातीचं नातं. पण पैसा पुतळ्यांत आहे हे लवकरच दिसलं. अँसेल १९८५ मध्ये संपूर्ण गेम्स वर्कशॉपचे व्यवस्थापकीय संचालक झाले. नॉटिंगहॅमजवळचं ईस्टवुड, म्हणजे डी. एच. लॉरेन्स यांचं जन्मगाव, कंपनीचं नवं ठिकाण झालं. लंडनच्या संपादकांना तिकडे जाण्याची मुळीच हौस नव्हती. ‘व्हाइट ड्वार्फ’ही हलवायचं ठरलं तेव्हा, १९८६ मधल्या एका अंकाच्या अनुक्रमणिकेत एक गंमत छापून गेली. नोंदींची पहिली अक्षरं वरून खाली वाचत गेलं की ब्रायन अँसेल यांचं पूर्ण नाव निघत होतं, आणि त्याच्या आधी त्यांनी चालतं व्हावं अशी असभ्य इंग्रजीतली सूचना. मासिक जायचं तिकडे गेलंच. इतर कंपन्यांच्या खेळांची समीक्षा करणारं ते मासिक दोन-तीन वर्षांत घरच्या मालाचं मासिक झालं. जुन्या वाचकांना हा विश्वासघात वाटला. पण आज जे लोक ‘व्हाइट ड्वार्फ’चे जुने अंक जपतात, त्यांतल्या पुष्कळांना हवे असतात ते नेमके या नंतरच्या काळातले, रंगीत पानांचे.

कारण त्या पानांवर रंगवलेले पुतळे होते. ‘एव्ही मेटल’ या सदरात माइक मॅकव्हे यांच्यासारखे कारखान्याचे रंगकर्मी आपलं काम दाखवत. तोवर बहुतेक जण विमानांच्या मॉडेलसाठी मिळणारे हम्ब्रोलचे तेलकट इनॅमल रंग वापरत. वाळायला वेळ, ब्रश धुवायला टर्पेंटाइन आणि घरभर वास. सिटाडेलनं पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग आपल्या नावानं विकायला काढले आणि हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. पद्धत अशी रुळली: आधी कानशीनं साच्याच्या रेघा घासायच्या, पांढरा हात मारायचा, वर सपाट रंग. मग पातळ शाई सोडायची. ती खाचांत, सुरकुत्यांत उतरून सावली आपोआप पाडते. शेवटी जवळपास कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, की चिलखताच्या कडा उजळतात. हे झालं सगळ्यांसाठी. खरा कस लागे तो ढाली आणि निशाणांवर. बोटाच्या नखाएवढ्या ढालीवर अख्खा राक्षसाचा जबडा हातानं रंगवायचा, डोळ्याचं बुबुळ एका टिंबात बसवायचं. त्या काळच्या ढाली सपाट आणि मोठ्या होत्या, जणू रिकामं पान. जॉन ब्लांश यांची मळकट, गंजकट, पिवळ्या-तांबूस छटांची चित्रं समोर असल्यामुळे परीकथेतला गोड गुलाबी रंग या जगात फिरकला नाही. १९८७ पासून ‘गोल्डन डीमन’ ही रंगवण्याची स्पर्धा सुरू झाली. खेळण्यासाठी रंगवणारे आणि फक्त रंगवण्यासाठी रंगवणारे, अशा दोन जाती तिथून वेगळ्या व्हायला लागल्या.

रणभूमी मात्र सगळ्यांची घरगुती असे. थर्माकोलच्या टेकड्या, हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, वाळलेल्या शेवाळाची झुडपं. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारून, त्यावर आळीव पेरून मावळे मांडणाऱ्याला हा आनंद वेगळा समजावायला नको. इकडे मावळे पाडवा संपेपर्यंत जागचे हलत नाहीत, तिकडे दर पाच मिनिटांनी सैनिकांचा फडशा पडतो.

१९८७ हे या काळाचं ऐन भराचं वर्ष. वॉरहॅमरची तिसरी आवृत्ती जाडजूड बांधीव पुस्तकाच्या रूपात आली. त्याच वर्षी प्रीस्टली यांचं ‘वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर’ आलं, तेच ऑर्क, तेच एल्फ, पण अंतराळात आणि बंदुका घेऊन. सोबत तीस प्लॅस्टिक सैनिकांचं एक खोकं निघालं. प्लॅस्टिकचा पोलादी साचा करायला पैसा अतोनात लागतो, पण एकदा तो झाला की सैनिक कवडीमोलानं पडतात. शिशाच्या धंद्याचं पुढे काय होणार, हे त्या खोक्यात दिसत होतं. लगोलग ‘रेल्म ऑफ केऑस’चे दोन ग्रंथ आले, १९८८ आणि १९९० मध्ये. त्यांत सैतानी शक्तींच्या कृपेनं सैनिकाच्या देहात होणाऱ्या विकृतींचा तक्ता होता, एक ते हजारपर्यंत आकड्यांचा. फासे टाकायचे आणि कुणाला शेपूट, कुणाला तिसरा हात, कुणाला माशीचं डोकं. असा पुतळा दुकानात मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून लोकांनी करवती उचलल्या; एकाचं मुंडकं कापून दुसऱ्याच्या धडावर चिकटवायचं, उरलेली फट पुट्टीनं भरायची. खेळाडू मूर्तिकार झाला.

मग हिशेबाचे दिवस आले. १९९१ च्या अखेरीला टॉम कर्बी यांच्या पुढाकारानं व्यवस्थापकांनीच कंपनी विकत घेतली. अँसेल, लिव्हिंगस्टन, जॅक्सन बाहेर पडले. १९९२ मध्ये आलेली वॉरहॅमरची चौथी आवृत्ती मोठ्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या दोन तयार सैन्यांसह आली. सूत्रधाराची गरज उरली नाही. प्रत्येक सैन्याचं वेगळं पुस्तक आणि त्यातल्या यादीप्रमाणे पुतळे, असा शिरस्ता बसला. १९९४ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात दाखल झाली. याला ऱ्हास म्हणणारे पुष्कळ आहेत. ते पूर्ण खरं नाही. नव्या पद्धतीनं हा खेळ जगभर पोचला आणि बारा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या माणसाशिवाय खेळता आला. पण मूर्तिकाराच्या लहरीवर नियम धावायचे, ते आता नियमांच्या यादीवर मूर्तिकार काम करू लागला, एवढं निश्चित.

शिशाचे दिवसही भरत आले होते. अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क राज्यात, मुलांच्या खेळण्यांतल्या शिशावर बंधनं येऊ लागली आणि सिनसिनाटीच्या राल पार्थासारख्या कंपन्यांनी १९९० च्या दशकात मिश्रणं बदलली. गेम्स वर्कशॉपनंही दशक संपण्याआधी शिसं सोडून कथलाचा पांढरा धातू घेतला. तो कडक होता, तपशील स्पष्ट येई. तरी शिशाचा पुतळा तळहातावर घेतल्यावर जो जडपणा जाणवतो तो त्यात नव्हता, अशी जुन्या लोकांची कुरकुर असते.

या जुन्या लोकांनी २०१० नंतरच्या वर्षांत आपल्या छंदाला ‘ओल्डहॅमर’ असं नाव दिलं. पन्नाशीकडे झुकलेली ही मंडळी माळ्यावरचे डबे उतरवतात, किंवा दुसऱ्याच्या माळ्यावरचे विकत घेतात. त्यांतले पुतळे बहुधा कुण्या मुलानं जाड इनॅमल थापून रंगवलेले असतात. तो थर उतरवायला इंग्लंडमध्ये सर्रास वापरतात ते डेटॉल. बरणीत ओतून पुतळे रात्रभर बुडवायचे आणि सकाळी जुन्या टूथब्रशनं घासायचे. घाईनं नळाखाली धरलं तर मात्र रंगाचा चिकट लगदा होतो, म्हणून आधी पुन्हा डेटॉलमध्येच खळबळून घ्यायचं. दुसरा शत्रू अधिक गुपचूप येतो. ओकच्या कपाटातून किंवा पुठ्ठ्याच्या डब्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिशावर पांढरी भुकटी धरते. वेळेवर लक्ष गेलं नाही तर नाकडोळे विरतात. संग्रहालयांना ही व्याधी फार आधीपासून ठाऊक होती. ती आपल्या बुटक्यांनाही होते, हे खेळाडूंना उशिरा कळलं. आणि ही मंडळी खेळतात ते बहुधा १९८७ च्या तिसऱ्या आवृत्तीनं, सूत्रधारासह. त्या पुस्तकातले नियम क्लिष्ट आहेत, जागोजागी एकमेकांशी विसंगत आहेत, आणि एक लढाई संपायला अख्खा दिवस जातो. त्यांची याबद्दल तक्रार नाही.

मूर्तिकारांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. मायकेल पेरी १९९६ मध्ये क्रेसीच्या लढाईच्या साडेसहाशेव्या वर्षानिमित्त फ्रान्समध्ये झालेल्या नाट्यरूप सोहळ्यात सामील झाले होते. तिथे तोफेच्या अपघातात त्यांचा उजवा हात गेला. ते डाव्या हातानं कोरायला शिकले आणि पूर्वीच्याच तोडीचं काम करू लागले. दोघा भावांनी पुढे स्वतःची ‘पेरी मिनिएचर्स’ काढली. नॉटिंगहॅमच्या आसपास अशा इतक्या कंपन्या निघाल्या की या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा, असं नाव पडलं. हॅलिवेल २०२१ मध्ये वारले.

अँसेल यांनी कंपनी सोडल्यावर आपली शक्ती ‘वॉरगेम्स फाउंड्री’त घातली आणि ऐतिहासिक सैनिक ओतत राहिले. न्यूअर्कजवळच्या त्यांच्या जागेत ओल्डहॅमरवाल्यांचे मेळावे भरत. यजमान म्हणून अँसेल स्वतः हजर असत. लोक त्यांना १९८३ चे पुतळे दाखवत आणि सही मागत. २०२३ च्या अखेरीस ते गेले. त्यानंतर काही आठवड्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, गेम्स वर्कशॉपनं ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावानं नऊ वर्षांपूर्वी मोडीत काढलेलं ते जुनं युद्ध पुन्हा बाजारात आणलं, चौकोनी बैठका परत आणल्या आणि सोबत पूर्वीच्या साच्यांतले काही धातूचे पुतळेही विकायला काढले.